४ वर्षांचा घोडा स्वारीत सारखी मान झटकतो, शोध कुठून सुरू करू?

नवी_स्वार

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज स्वतःचा प्रश्न घेऊन आले आहे.

माझा घोडा ४ वर्षांचा आहे, खच्ची केलेला, रंगाने कुमैत. आम्ही त्याला मेघ म्हणतो. त्याच्यावर खोगीर चढवून ७ महिने झाले. पहिले ५ महिने इतके छान गेले की मला वाटलं, असा शहाणा घोडा नशिबाने मिळतो. गेले ६ आठवडे मात्र तो मान झटकायला लागलाय. लगाम हातात गोळा केला की नाक वर उडवतो, मग हिसका देऊन मान खाली टाकतो, की लगाम बोटांतून सुर्रकन निघून जातो. उजव्या हाताला फिरताना जास्त. दुडकीतून कँटरला, म्हणजे संथ दौडीला, जायच्या आधी तर हमखास. परवा त्याचं डोकं माझ्या हनुवटीवर आदळलं, जबड्यातून कळ गेली.

तबेल्यात दोघा-तिघांनी सांगितलं, "माजलाय, डोकं खाली बांध." मला ते पटत नाही, पण माझ्याकडे दुसरं उत्तरही नाही. काल त्याच्यावरून उतरले आणि त्याच्या मानेला टेकून रडले. तो शांत उभा होता. जमिनीवर असले की तो अगदी पूर्वीसारखाच आहे, हेच मला कळत नाहीये.

जुना_चाबुकस्वार

ताई, आधी हनुवटीची काळजी घ्या. आणि उत्तर मिळेपर्यंत त्याला कँटरला नेऊ नका.

"मान झटकतो" हा शब्द एक आहे, पण त्याखाली चार-पाच वेगळ्या गोष्टी येतात. लगाम ओढला की नाक वर नेऊन तोंड उघडणारा घोडा वेगळा. हिसका मारून लगाम लांब करून घेणारा वेगळा. मधमाशी नाकात शिरल्यासारखं डोकं अचानक उभं उडवणारा अगदीच वेगळा. आणि दुडकीत एका ठरावीक पावलाला मान वर जात असेल तर ते झटकणं नव्हेच, तो लंगडतोय. दुखरा पुढचा पाय जमिनीवर टेकला की मान वर जाते, चांगला पाय टेकला की खाली येते. दुडकीत निरोगी घोड्याचं डोकं जवळजवळ स्थिर असतं, त्यामुळे हे लक्ष देऊन पाहिलं तर दिसतंच.

आता तुम्ही एक करा. सगळं एकदम बघू नका, एकेक थर चढवत जा. पहिल्या दिवशी अंगावर काही न घालता मोकळा सोडून बघा. दुसऱ्या दिवशी फक्त म्होरकी घालून काव्यावर, म्हणजे लांब दोरीने गोल, फिरवा, दोन्ही बाजूंनी. मग खोगीर, तंग (पोटाखालचा पट्टा) नीट कसून. मग ब्रायडल (डोक्यावरचे पट्टे), तोंडात बिट (लगामाची दांडी), पण लगाम लावायचा नाही. मग कुणीतरी पुढून धरायचं आणि तुम्ही वर बसायचं, हात लगामाला लावायचा नाही. शेवटी लगाम. ज्या थरावर मान पहिल्यांदा उडेल तिथे थांबायचं आणि लिहून ठेवायचं. कोणाला तरी बाजूला उभं करून मोबाइलवर सगळं टिपून घ्या, वर बसलेल्या माणसाला स्वतःचा हात दिसत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला. बिट, खोगीर आणि माणूस तिन्ही एकाच दिवशी बदलले आणि घोडा सुधारला, तर नेमकं काय चुकत होतं ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

रिकीब

माझं मत थोडं वेगळं आहे. माझ्याकडे ५ वर्षांची घोडी होती, ती असंच करायची. मार्टिंगेल, म्हणजे डोकं फार वर जाऊ न देणारा छातीकडचा पट्टा, लावलं, महिन्याभरात तिची सवय सुटली. घोड्याचं डोकं स्वाराच्या तोंडावर येणं ही साधी गोष्ट नाही. लोकांचे दात पडले आहेत, नाकं मोडली आहेत. आधी माणूस सुरक्षित झाला पाहिजे, कारण शोधायचं ते त्यानंतर. तेव्हा ताईंनी निदान रनिंग मार्टिंगेल (ज्याच्या कड्यांतून लगाम जातो ते) तरी लावावं असं मला मनापासून वाटतं.

जुना_चाबुकस्वार

रिकीब, सुरक्षेबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. पण त्यासाठी सध्या वर न बसणं हा उपाय आहे की.

मार्टिंगेलने डोकं एका मर्यादेच्या वर जात नाही, एवढंच होतं. तोंडात दुखत असेल तर ते दुखतच राहतं, फक्त सांगायची वाट बंद होते. मी अशी घोडी पाहिली आहे जिचं डोकं बांधल्यावर ती मागच्या दोन पायांवर उभी राहायला शिकली. वर जायची वाट बंद, पुढे जायची बंद, मग ती जाणार कुठे? सगळ्याच असं करत नाहीत हे कबूल. पण ४ वर्षांच्या घोड्यावर, कारण कळायच्या आधी, मी तो धोका पत्करणार नाही.

पशुवैद्य_घोडे

मी घोड्यांचा डॉक्टर आहे, म्हणून वय वाचूनच थांबलो. ४ वर्षं आणि तोंडाची तक्रार म्हटलं की मी आधी दात बघतो.

घोड्याचे २४ दुधाचे दात साधारण अडीच ते पाच वर्षांच्या दरम्यान पडतात. समोरचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या आसपास जोडी-जोडीने बदलतात. गालाकडच्या दाढांपैकी पहिली साधारण अडीच वर्षांनी, दुसरी तीन वर्षांनी, तिसरी चार वर्षांच्या सुमाराला बदलते. म्हणजे आपण ज्या काळात घोड्याला बिट शिकवतो, नेमका त्याच काळात त्याच्या तोंडात सगळी उलथापालथ चाललेली असते. नरांमध्ये ४ ते ५ वर्षांत सुळेही येतात, आणि ते बिटाच्या वाटेवरच.

दुधाची दाढ पडताना ती खालच्या नव्या दाढेवर टोपीसारखी बसलेली असते. वेळेवर निघाली तर घोड्याला कळतही नाही. पण कधी ती एका बाजूने सुटते आणि दुसऱ्या बाजूने हिरडीला धरून राहते. मग ती डुगडुगते, कडा हिरडीत रुतते, अन्नाचे तंतू तिथे अडकतात. एका अशाच घोड्यात मी बोट लावलं तर टोपी बिजागरीवरच्या दारासारखी हलत होती, आणि खालची हिरडी लालभडक होती. बिट मागे सरकलं की ओठांचा कोपरा आणि गालाची आतली बाजू त्या पहिल्या दाढेवर दाबली जाते. मग लगाम गोळा केल्यावरच मान उडणं अगदी साहजिक आहे.

दुसरा दात वुल्फ टूथ. बहुधा वरच्या जबड्यात, पहिल्या दाढेच्या अगदी पुढे असतो, छोटासा. सगळ्यांना नसतो. काहींचा हिरडीखालीच राहतो, वरून दिसत नाही, पण बोटाखाली टणक फुगवटा लागतो आणि दाबलं की घोडा डोकं मागे घेतो.

याशिवाय दाढांच्या धारा आहेतच. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळे वरच्या दाढांना गालाकडून आणि खालच्यांना जिभेकडून धार येते. नाकपट्टी घट्ट केली की गाल त्या धारेवर दाबला जातो.

हे सगळं ओठ वर करून टॉर्च मारून कळत नाही. गुंगीचं औषध देऊन, जबडा उघडा ठेवणारं साधन लावून, मागच्या दाढेपर्यंत हात घालून तपासायला हवं. पाच वर्षांचा होईपर्यंत दर ६ महिन्यांनी. ताई, तुमच्या डॉक्टरांकडून हे आधी करून घ्या. कानही बघायला सांगा. कानात गोचीड असेल किंवा आत खाजरे चट्टे असतील तर ब्रायडलचा पट्टा कानावरून सरकवतानाच घोडा डोकं उडवतो.

आयाळ

डॉक्टरांनी दातांचं सांगितलंच आहे. मला वेगळ्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे, कारण आम्ही ती ओळखायला वर्ष घालवलं.

माझी घोडी ८ वर्षांची असताना सुरू झालं. वसंत लागला, उजेड वाढला आणि ती दुडकीत मध्येच डोकं उभं झटकायची, विजेचा झटका बसावा तसं. लगाम सैल असो की घट्ट, फरक नाही. मोकळी सोडली तरी तेच. चालता चालता नाक पुढच्या पायावर घासायची, फुरफुरायची, आणि ऊन सोडून भिंतीच्या सावलीत नाक खुपसून उभी राहायची. दात झाले, खोगीर झालं, बिट बदललं, काही नाही. शेवटी निदान झालं की चेहऱ्याची संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नस नको तेवढी चटकन पेटते. वारा, उजेड, धूळ, काहीही तिला पुरतं. घोड्याला ते जळजळ किंवा चमक मारल्यासारखं वाटत असणार.

तिला नाकावर जाळी लावल्यावर बराच आराम पडला, पूर्ण नाही. सगळ्या घोड्यांना जाळीचा उपयोग होतोच असंही नाही. हे इथे लिहिते कारण त्या वर्षात आम्ही तिला "हट्टी" म्हटलं, आणि ते मला अजून टोचतं.

मेघचं वर्णन मला तसं वाटत नाही. हा त्रास बहुधा ७-८ वर्षांच्या पुढे सुरू होतो, आणि तुमचा घोडा जमिनीवर ठीक आहे. तरी उजेडात आणि सावलीत, वाऱ्यात आणि शांत हवेत काही फरक पडतो का, तेवढं वहीत लिहून ठेवा.

खूर_आणि_नाल

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. आमच्या साडेतीन वर्षांच्या घोडीचीही सुरुवात झाली आहे असं वाटतंय.

नवी_स्वार

सगळ्यांचे आभार. चाबुकस्वार काकांनी सांगितलं तसं ६ दिवस केलं, वहीतून इथे उतरवते.

मोकळा: काही नाही. म्होरकी आणि कावा: काही नाही, दोन्ही बाजूंनी. लंगडणं मला दिसलं नाही, चित्रफीत हळू करून पाहिली, दुडकीत डोकं स्थिर आहे. खोगीर: तंग कसताना कान मागे गेले, फिरताना मान उडाली नाही. ब्रायडल, लगाम नाही: इथे पहिली गोष्ट दिसली. तो मान झटकत नव्हता, पण सारखा चघळत होता, जीभ डाव्या बाजूने बाहेर काढत होता, आणि उजव्या वळणावर तोंड किंचित तिरकं. मी वर, लगामाला हात नाही: तेच चघळणं. लगाम हातात घेतला आणि तिसऱ्या मिनिटाला नाक वर.

डॉक्टर परवा येत आहेत.

पशुवैद्य_घोडे

फार चांगली नोंद. उजवीकडच्या दाढा नीट बघायला सांगा.

नवी_स्वार

डॉक्टर येऊन गेले. वरच्या उजव्या बाजूला तिसऱ्या दाढेची टोपी अर्धी सुटलेली होती आणि दोन्हीकडे पहिल्या दाढेसमोर गालाला आतून व्रण होते, उजवीकडे माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. त्यांनी माझं बोट त्या धारेवर टेकवलं. पत्र्याची कड असते तशी होती. मी त्यावर ७ महिने नाकपट्टी आवळत होते. टोपी काढली, धारा गोल केल्या. वुल्फ टूथ नव्हता. कान स्वच्छ.

१० दिवस तोंडात काहीही घालायचं नाही असं सांगितलंय. टोपी मी डबीत ठेवली आहे. तिला खाली टोकदार मुळं आहेत, एखाद्या छोट्या मुकुटासारखी दिसते.

आयाळ

बिचारा. आणि इतकं असूनही तो पुढे चालत राहिला.

जुना_चाबुकस्वार

सापडलं हे उत्तम. आता एक गोष्ट मनाशी धरून ठेवा: व्रण १० दिवसांत भरेल, पण घोड्याच्या लक्षात राहिलेलं तेवढ्यात जाणार नाही. पुन्हा बिट घातल्यावर मान उडाली तर "दातांचं तर झालं, आता हा नाटक करतोय" असं म्हणू नका. तो दुखेल म्हणून आधीच तयारीत असतो.

बिट घालायच्या आधी मापही बघा. तोंडाच्या दोन्ही बाजूंना ५-६ मिलिमीटरपेक्षा जास्त दांडी बाहेर नको, नाहीतर ती इकडेतिकडे सरकते. जाड बिट सौम्य असतं असं आपण सगळे ऐकत आलो, पण घोड्याच्या मिटलेल्या तोंडात जागा फार थोडी असते, जीभच सगळं भरून टाकते. तिथे जाड नळी घातली तर ती जिभेला दाबणारच. एका सांध्याचं बिट ओढल्यावर मधून मुडपतं, काहींच्या टाळूला लागतं. मधे छोटा तुकडा असलेलं दोन सांध्यांचं पुष्कळ कोवळ्या तोंडांना बरं वाटतं. पण ठरवणार घोडाच.

नाकपट्टी: नाकाच्या हाडावर, म्हणजे समोर मधोमध, मोठ्या माणसाची दोन बोटं सहज शिरली पाहिजेत. गालाच्या बाजूला मऊ मांस असतं, तिथे बोटं जातातच, ते माप धरू नका.

नवी_स्वार

३ आठवड्यांनंतरची स्थिती. पहिले १० दिवस फक्त जमिनीवर काम केलं. मग म्होरकीला लगाम लावून चालीत बसले, मग नवं बिट. झटकणं पूर्वीच्या पाव भागावर आलं असेल. चघळणं जवळपास थांबलं, जीभ आत राहते. पण दुडकीतून कँटरला जाताना अजून हिसका देतो. आणि शेवटच्या १० मिनिटांत वाढतं. काय राहिलंय?

सैल_लगाम

इथे मला बोलू द्या, कारण यात मी स्वतः २ वर्षं चुकत होते.

तुमची कँटरला जातानाची एक चित्रफीत इथे टाकाल का? फक्त कोपर आणि हात दिसला तरी पुरे.

नवी_स्वार

टाकली आहे. ४० सेकंदांची.

सैल_लगाम

पाहिली, ५-६ वेळा. आता १७व्या सेकंदाला थांबवा. पाय लावायच्या, म्हणजे पायाने इशारा द्यायच्या, आधी तुम्ही श्वास धरता, खांदे वर जातात आणि दोन्ही मुठी पोटाकडे येतात, जेमतेम ४ बोटं. तुम्हाला हे कळतही नसेल. मेघला मात्र कळतं. १८व्या सेकंदाला त्याचं नाक वर. १९व्याला तो मान खाली टाकतो आणि तुमच्या हातातून लगाम सुटतो. म्हणजे काय झालं? त्याला हवं होतं ते मिळालं. हिसका दिला की तोंड मोकळं. घोडा दाबाने शिकत नाही, दाब ज्या क्षणी सुटतो त्या क्षणी तो जे करत होता ते शिकतो. तुम्ही नकळत त्याला रोज हिसका द्यायला शिकवताय.

आणि हे त्या डोकं वर आलेल्या दिवसांमुळे झालंय. हनुवटीला लागल्यापासून तुम्ही त्या क्षणाला घाबरता, म्हणून हात आधीच आवळतो. भीती वाटणं साहजिकच आहे, मलाही वाटायची.

मी काय केलं ते सांगते. मानेभोवती, आयाळ संपते त्याच्या पुढे, एक सैलसा पट्टा बांधला. दोन्ही हातांची करंगळी त्यात अडकवून दुडकीत बसायचं. हात मागे यायला लागला की पट्टा तुम्हाला सांगतो, घोड्याच्या तोंडाला नाही. आणि घोड्याने नाक वर केलं तर हात तिथेच राहतो, मागेही नाही, पुढेही नाही. त्याचं डोकं खाली आलं, नाक पुढे गेलं, जबडा मऊ झाला की त्या क्षणी बोटं उघडायची. अर्धा सेकंद उशीर झाला तरी तो दुसरंच काहीतरी शिकतो. फार नाही, २० वेळा नीट झालं की त्याला पत्ता सापडतो.

चालीत आणि कँटरमध्ये घोड्याचं डोकं प्रत्येक पावलाबरोबर पुढे-मागे होतं. त्याचा तोल त्यात असतो. तिथे हात स्थिर ठेवला तर प्रत्येक पावलाला तुम्ही त्याला एक झटका देता. कोपर दाराच्या बिजागरीसारखं उघडं-बंद व्हायला हवं. दुडकीत मात्र हात शांत. म्हणून तिथून कँटरला जातानाच सगळ्यांची गफलत होते: डोकं हलू लागतं तेव्हाच हात गच्च होतो.

रिकीब

ही चित्रफीत आणि वरची पोस्ट वाचून मी माझ्या घोडीचा विचार करत बसलो. मार्टिंगेलने तिची सवय सुटली असं मी लिहिलं होतं. खरं पाहता त्याच महिन्यात मी तिला दुसऱ्या स्वाराकडे शिकायला पाठवलं होतं, आणि त्याचा हात माझ्यापेक्षा पुष्कळ हलका. नेमकं कशाने सुटली ते आता मला छातीठोक सांगता येणार नाही.

सुरक्षेचा माझा मुद्दा मात्र सोडत नाही. मानेभोवतीचा पट्टा ताईंनी जरूर बांधावा, घोडा उसळला तर पकडायलाही कामी येतो. आणि हेल्मेटशिवाय एकही दिवस नको.

जुना_चाबुकस्वार

अशी गोष्ट उघड लिहायला मन मोठं लागतं, रिकीब.

ताई, शेवटच्या १० मिनिटांबद्दल. तुम्ही एका वेळी किती वेळ बसता?

नवी_स्वार

४५ ते ५० मिनिटं, आठवड्यात ५ दिवस.

जुना_चाबुकस्वार

जास्त होतंय. ४ वर्षांचा घोडा उंचीने पूर्ण दिसतो, म्हणून आपली फसगत होते. पाठीच्या मणक्यांची वाढ साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते. माणसाचं वजन उचलून धरणारे पोटाचे आणि पाठीचे स्नायू अजून तयार व्हायचे आहेत. ते थकले की पाठ खाली बसते आणि मान वर जाते, दोन्ही एकाच दोरीची टोकं आहेत. तुम्ही त्या क्षणी लगाम गोळा करता, तो झटकतो. तो म्हणतोय की आता पुरे.

२० ते २५ मिनिटं करा, त्यातली निम्मी चाल. आठवड्यात ३ दिवस स्वारी, एक दिवस काव्यावर किंवा लांब लगामाने मागून चालवणं, एक दिवस नुसतं बाहेर हिंडणं. तो मान खाली सोडून फुरफुरला की तिथेच उतरा, घड्याळ बघू नका. तुमचं आणि खोगिराचं मिळून वजन त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आतच हवं, आणि कोवळ्या पाठीवर त्याहून कमी असेल तर फार बरं.

तंग कसताना कान मागे जातात असं तुम्ही लिहिलं होतं, ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. खोगीर ७ महिन्यांपूर्वी मापाचं असेल, पण या वयात घोड्याचा आकार दर २-३ महिन्यांनी बदलतो. खांद्याच्या हाडाच्या मागे बसतंय ना, आणि शेवटच्या बरगडीच्या पलीकडे जात नाही ना, ते हात घालून बघा. स्वारीनंतर गादी उचलून घामाचा ठसा पाहा. सगळीकडे ओलं आणि मधेच एखादा कोरडा डाग असेल तर तिथे जास्त दाब बसत असू शकतो.

पशुवैद्य_घोडे

तंग कसताना कान मागे जाणं हे पोटातल्या व्रणांचंही लक्षण असू शकतं. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, तो खात नसला तरी. रिकाम्या पोटी काम केलं की ते उसळून वरच्या नाजूक भागाला लागतं. स्वारीच्या आधी त्याला थोडं गवत खाऊ द्या. तेवढ्याने कान पुढे आले नाहीत तर एंडोस्कोपी करून घ्या.

नवी_स्वार

दोन दिवस हातच घातला नाही कशाला, आधी सगळं वाचून वहीत लिहिलं. मग खोगीर पाहिलं. डाव्या खांद्यामागे तळहाताएवढा कोरडा डाग होता. मापाच्या माणसाला बोलावलंय, तोवर वर बसणं बंद. स्वारीआधी गवत सुरू केलं.

खूर_आणि_नाल

इथलं वाचून आमच्या घोडीचे दात तपासले. वुल्फ टूथ निघाला, हिरडीखाली. पुढे काय होतं ते कळवेन. धाग्याचे आभार मानावे तेवढे थोडे.

नवी_स्वार

७ आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला.

खोगीर भरून आणलं. मानेच्या पट्ट्यात करंगळी अडकवून ३ आठवडे फक्त चाल आणि दुडकी केली. पहिल्या दिवशी पट्टा इतक्या वेळा ताणला गेला की मला लाज वाटली. मी किती मागे ओढते ते मला खरंच माहीत नव्हतं.

परवा कँटर केला. श्वास सोडला, कोपर सैल ठेवलं, पाय लावला. त्याचा एक कान माझ्याकडे वळला. नाक थोडं वर आलं, मी हात तिथेच ठेवला, आणि त्याने हिसका न देता मान पुढे लांबवली. मी बोटं उघडली. आम्ही अर्धा फेरा गेलो, तोंडात पांढरा फेस होता आणि आयाळ माझ्या मनगटावर आपटत होती. मी तिथेच थांबवून उतरले, एकूण १६ मिनिटं झाली होती.

काल वारा होता, कुठेतरी पत्रा वाजला आणि त्याने दोनदा मान झटकली. तेवढंच. तंग कसताना कान आता पुढे असतात, निदान बहुतेक दिवशी.

एक प्रश्न उरला आहे, डॉक्टर. डाव्या बाजूच्या तिसऱ्या दाढेची टोपी अजून निघालेली नाही. तिची वाट बघायची की आधीच काढून घ्यायची?

पशुवैद्य_घोडे

घट्ट बसलेली टोपी ओढून काढू नका, खालच्या दाढेची वाढ पूर्ण व्हायची असेल तर तिला इजा होते. ती आपल्याआप सुटेल. उजवीची निघाली आहे म्हणजे डावीला फार वेळ नसावा. चघळणं किंवा जीभ बाहेर काढणं पुन्हा दिसलं, किंवा डाव्या वळणावर तोंड तिरकं झालं, तर त्याच दिवशी बिट काढा आणि डॉक्टरांना बोलवा. काहीच दिसलं नाही तरी मागच्या तपासणीपासून ६ महिने धरून तारीख वहीत लिहून ठेवा. सुळे यायची वेळही तीच आहे, तेव्हा हिरडी पुढून सुजलेली दिसली तर आठवडाभर म्होरकीवरच काम करा.

नवी_स्वार

लिहिलं वहीत. उद्यापासून रोज ब्रायडल घालायच्या आधी ओठ वर करून हिरडी बघेन.